आप्पासाहेबांची पंधरा पावलं

आप्पासाहेबांनी शेत पावलांनी मोजलं आणि ते पंधरा पावलं जास्त भरलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. आप्पासाहेबांना घाम फुटला.

शेत त्यांचं स्वतःचंच, चितेगावच्या अलीकडे, पैठण रस्त्यापासून थोडं आत. दक्षिणेला गाडीवाट, उत्तरेला सोनाजीचा बांध. रानडुकरं फार झाली म्हणून तारेचं कुंपण करायचं ठरलं होतं आणि किती तार लागेल ते पाहायला ते गारखेड्याहून स्कूटरवर आले होते. गाडीवाटेपासून बांधापर्यंत एकशे साठ पावलं भरायला हवीत, हे त्यांना पाठ होतं. वाटणी झाली त्या वर्षी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ती पावलं त्यांनीच टाकली होती. एक पाऊल म्हणजे तीस इंच, एकशे साठ पावलं म्हणजे चारशे फूट, आणि सरकारी नकाशातही चारशेच. आज बांधाला पाय लागला तेव्हा तोंडातून आकडा निघाला, "एकशे पंच्याहत्तर."

ते मागे फिरले आणि पुन्हा मोजलं. एकशे सत्त्याहत्तर. सावलीत बसून पाणी प्यायले, पुन्हा उठले. एकशे ऐंशी. शेत दर खेपेला वाढत होतं.

आप्पासाहेब चौतीस वर्षं मोजणी खात्यात होते. दोन भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले की गावातली माणसं म्हणायची, "साखळी मागून आणा, आधी आप्पाला चालवा." ते चालायचे, आकडा सांगायचे आणि कुऱ्हाडी घरी जायच्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी लग्नाला गेले की जेवायला बसण्याआधी मांडव किती पावलं आहे ते पाहून यायचे. त्यामुळे पाऊल चुकलं असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवलीच नाही. चुकला असेल तर बांध.

बांध कसा सरकतो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. नोकरीपायी ते जिल्ह्याबाहेर होते तेव्हा शेत बटईनं कडूबा करायचा. एका वर्षी पुरात बांध वाहून गेला आणि कडूबानं तो नव्यानं घातला. घालताना त्याचा हात उत्तरेकडे गेला असणार. कडूबा आता हयात नव्हता. त्यामुळे त्याला विचारता येत नव्हतं आणि दोष द्यायलाही काही अडचण नव्हती.

"सोनाजीची साडेसदतीस फूट जमीन आपल्यात आलीय," घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला सांगितलं.

आशाबाई मेथी निवडत होत्या. "सोनाजीला माहितीय का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? मला माहितीय ना."

"अहो, मग एकदा टेप तरी लावून बघा."

"अगं, साखळी बरोबर आहे का ते आम्ही पावलानं तपासायचो," आप्पासाहेब म्हणाले. "आता पावलाला टेप लावू?"

आशाबाईंनी मेथीची जुडी उलटी केली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, कुठं थांबायचं ते त्यांना कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेबांनी सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. तारीख साडेतीन महिन्यांनंतरची मिळाली. तोवर दुसऱ्याची जमीन दाबून बसायचं त्यांना पटेना, म्हणून ते तसेच सोनाजीकडे गेले.

सोनाजी साठीचा, उंच आणि काटक. दोन एकर कोरडवाहू आणि मेंढरांचा कळप, यावर त्याचं घर चालायचं. तो बांधावर काठी रोवून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून उभा होता. त्याची आई म्हाळसाबाई बाभळीखाली बसली होती. ऐंशीच्या पुढची बाई, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत.

"सोनाजी, तुझी पंधरा पावलं जमीन माझ्याकडं आहे. घेऊन टाक," आप्पासाहेब म्हणाले.

सोनाजीनं वर टेकवलेला पाय खाली ठेवला. "काय म्हणलात?"

"आपला बांध चुकलाय. साडेसदतीस फूट. उद्यापासनं ती तू कसायला घे."

"माझ्या काठीनं तर बरोबर भरतंय की."

"काठी झिजते रे."

"आन पाय झिजत नाय का, आप्पा?"

आप्पासाहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, दिशांसकट, खाली सही. सोनाजीनं कागद हातात घेतला नाही.

"हिच्याखालनं पायपलाइन जायलीय का?"

"नाही."

"रस्ता? कारखाना?"

"अरे, तुझी आहे म्हणून देतोय!"

"मला नगं," सोनाजी म्हणाला. "इतक्या वर्सात बांधावरनं लोकाची डोकी फुटल्याली बघितली. जमीन घे म्हणून पाठी लागल्याला माणूस काय बघितला नाय. कायतरी हाय ह्याच्यात."

म्हाळसाबाई एवढा वेळ आप्पासाहेबांकडे निरखून पाहत होती. ते कागद बाभळीच्या बेचक्यात ठेवून वळले आणि ढेकळांतून जपून पावलं टाकत गाडीवाटेकडे निघाले, तेव्हा ती मुलाला म्हणाली, "पायपलाइन कशाची घिऊन बसला? त्याची चाल बघ. माणूस सरत आला की आसं दिऊन टाकावं वाटतं त्याला. आजार आसंल कायतरी. पोटातला."

इकडे आप्पासाहेबांना राहवत नव्हतं. पुढचे आठ दिवस ते रोज शेतावर जाऊन मोजत होते. आकडा एकशे पंच्याहत्तरच्या खाली येईना. नवव्या दिवशी गुडघा एवढा धरला की जिना चढवेना. तेव्हा आशाबाईंनी त्यांना गारखेड्यातल्याच एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. मग म्हणाल्या, "काका, जरा चालून दाखवा. त्या पट्टीपासून या पट्टीपर्यंत."

फरशीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. आप्पासाहेबांनी सवयीनं विचारलं, "अंतर?"

"दहा मीटर."

ते चालले. सवयीनंच मनात मोजलं. चौदा पावलं. दहा मीटर म्हणजे तीनशे चौऱ्याण्णव इंच. भागाकार करायला त्यांना कागद लागत नसे. उत्तर आलं आणि ते पट्टीवरच उभे राहिले.

"अठ्ठावीस," ते म्हणाले.

"काय अठ्ठावीस?"

"पाऊल. तीस पाहिजे. तुमच्या पट्ट्या चुकल्यात."

"पट्ट्या बरोबर आहेत. तुमच्या वयाला हे अगदी चांगलंय. आता पुन्हा चाला, पण चालताना शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्यानं म्हणा."

आप्पासाहेब निघाले. "शंभर, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव…" एक्क्याण्णवला पाय अडखळला. अठ्ठ्याऐंशीला ते जवळजवळ थांबलेच. पट्टी आली तेव्हा पावलं पंधरा झाली होती.

"बघितलंत?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तरुणपणी मेंदू चालणं आपलं आपण सांभाळतो, लक्ष द्यावं लागत नाही. वय झालं की चालायला लक्ष लागतं. तेच लक्ष मोजण्यात गेलं की मेंदू सावध होतो, पडू नये म्हणून पाऊल आखडतं घेतो. दमलात की आणखी आखडतं."

आप्पासाहेब पलंगाच्या कडेला बसले. "म्हणजे मला न विचारता मेंदूनं माप बदललं?"

"तसंच म्हणा."

"कधीपासनं?"

"हळूहळू बदलतं, काका. पंधरा-वीस वर्षं लागली असतील."

"आणि मी मोजत चालतो, म्हणून आणखी चुकतं?"

"हो."

आशाबाई खुर्चीवर बसून हे ऐकत होत्या. त्यांनी टेपचं नावसुद्धा काढलं नाही. आप्पासाहेबांना ते फार लागलं.

डॉक्टरबाईंनी व्यायाम लिहून दिले. एका पायावर उभं राहायचं. खडबडीत जमिनीवर चालायचं. चालताना बोलायचं, मोजायचं, म्हणजे मेंदूला दोन्ही कामं एकदम करायची सवय पुन्हा लागते. "नुसते पाय बळकट करून भागत नाही. वरचीही तालीम व्हायला हवी. तीन महिने द्या मला."

परत येताना रिक्षात आप्पासाहेब बोटांवर काहीतरी मोजत होते. अठ्ठावीस इंचांनी पाहिलं तर शेत जागच्या जागी होतं. दोन-चार पावलं इकडं-तिकडं. कडूबा निर्दोष होता. सोनाजीला देऊ केलेली जमीन आपलीच होती. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की सोनाजीनं ती घेतली नव्हती.

घराच्या पायरीवर सोनाजी बसला होता. हातात शेळीच्या दुधाची किटली.

"दवाखान्यातनं येताय न्हवं?" तो उठत म्हणाला. "शेजारच्या बाईनं सांगितलं. काय म्हणली डॉक्टरीण?"

"काही नाही रे. तीन महिने सांगितलेत."

सोनाजी खाली बसला.

"सोनाजी, त्या जमिनीचं—" आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

"आप्पा, तुमी जिवाला घोर लावून घिऊ नका. म्या घेतली."

"काय घेतली?"

"जमीन. आई म्हणली, आसल्या माणसाचा शबूद मोडू नाय, त्याचा जीव आडकून ऱ्हातो. सकाळीच मेंढराचा वाडा उचलून तिथं नेला. काट्या लावल्या, समदं झालं. तुमचा कागद पेटीत ठिवलाय. आता निवांत ऱ्हावा." आणि त्यानं वाकून आप्पासाहेबांच्या दोन्ही पायांना हात लावला, दुखऱ्या गुडघ्याच्या पायाला जरा जास्तच वेळ.

सांगायची वेळ हीच होती. आप्पासाहेबांनी तोंड उघडलंही. पण ज्या माणसाला 'घे, घे' म्हणून आठ दिवसांपूर्वी कागद लिहून दिला, त्याला आता कोणत्या तोंडानं सांगायचं की पाऊल आखडलं होतं? सगळ्या तालुक्याला कळलं असतं. ते म्हणाले, "दूध कशाला आणलंस एवढं?"

आशाबाईंनी किटली आत नेली आणि स्वयंपाकघरातून त्यांचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता.

व्यायाम घरातच सुरू झाला. फ्रिजच्या मुठीला धरून आप्पासाहेब एका पायावर उभे राहिले. चौथ्या सेकंदाला तोल गेला, दार उघडलं, आणि दारातल्या खणातली ताकाची बरणी, चार अंडी आणि लिंबाचं लोणचं त्यांच्याबरोबर खाली आलं. आप्पासाहेबांना लागलं नाही. आशाबाईंनी फरशी पुसून काढली आणि म्हणाल्या, "खडबडीत जमीन लिहून दिलीय ना? मग शेतात जा."

शेतात सोनाजी होताच. आजारी माणसाचं मन रमावं म्हणून तो त्यांना मेंढरांमागं घेऊन जाऊ लागला. एका पायावर उभं राहायची डॉक्टरीणबाईची अट ऐकून तो चकित झाला. "ह्याला दवा म्हणत्यात? म्या दुपारभर ऱ्हातो." त्यानं आपली काठी दिली, ती कुठं रोवायची, नजर कुठं लांब लावायची, ते दाखवलं. आठवड्याभरात आप्पासाहेबांचे चाराचे अकरा सेकंद झाले.

चालता चालता मोजायलाही तिथं भरपूर होतं. मेंढरं. पहिल्या दिवशी ढेकळांतून चालत त्यांनी ती मोजली, चौसष्ट भरली. पुन्हा मोजली, एकाहत्तर. सोनाजी हसला. "सत्तावन्न हायती, आप्पा. कशी मोजणी खात्यात ऱ्हायलात?"

"तिथं जमीन पळत नव्हती," आप्पासाहेब म्हणाले.

दोन महिने झाले. गुडघा बोलेनासा झाला. सत्तावन्न मेंढरं सत्तावन्नच भरू लागली, तीही सोनाजीशी उसाच्या भावावर वाद घालत चालताना. एका सकाळी सोनाजी यायच्या आधी आप्पासाहेबांनी गाडीवाटेपासून जुन्या बांधापर्यंत चालून पाहिलं. एकशे चौसष्ट. त्यांना आनंद झाला आणि लगेच वाईट वाटलं. पाऊल जसं सुधारत होतं तसं सोनाजीचं हक्काचं काही उरत नव्हतं.

त्या दिवसापासून ते सोनाजीसमोर बारीक पावलं टाकू लागले. हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. मेंदू एव्हाना लांब पावलांना सरावला होता, त्याला मुद्दाम आवरावं लागायचं, आणि तेवढ्यात मेंढरांचा आकडा चुकायचा. सोनाजी मागून म्हणायचा, "सावकाश, आप्पा. दम खावा." म्हाळसाबाई रोज भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून द्यायची. त्यांचं वजन दोन किलोनं वाढलं.

आणि मोजणीची तारीख आली.

आप्पासाहेब ती विसरले नव्हते, पण पुढे ढकलायला काही कारण सापडलं नव्हतं. मोजणीला नानासाहेब नावाचा तरुण अधिकारी आला. त्याच्याजवळ साखळी नव्हती. एका दांड्यावर टोपीसारखं यंत्र बसवलेलं होतं. ते गाडीवाटेच्या दगडाजवळ धरलं, मग जुन्या बांधाजवळ धरलं, हातातल्या पडद्यावर पाहिलं आणि झालं. आप्पासाहेबांना हे जरा आगाऊपणाचं वाटलं.

"चारशे तेरा फूट," नानासाहेब म्हणाला.

"चारशे," आप्पासाहेबांनी दुरुस्ती केली.

"नकाशात चारशे, साहेब. बांधापर्यंत चारशे तेरा आहे. तेरा फूट यांचं तुमच्यात आलंय." त्यानं सोनाजीकडे बोट केलं. मग मेंढरांच्या वाड्याकडे पाहिलं. "आणि यांचा वाडा तुमच्यात साडेचोवीस फूट आहे. हे कसं काय झालं?"

आप्पासाहेब मनात गणित करत होते. चारशे तेरा फुटांना एकशे साठ पावलं. पस्तिसाव्या वर्षी. भागाकार दोनदा केला, उत्तर दोन्ही वेळा तेच आलं. एकतीस इंच. तीस नाहीच. म्हणजे म्हातारपणानं पाऊल चुकवलं ते वेगळंच, पण ज्या काळात तालुका त्यांच्यावर विश्वास ठेवत होता त्या काळातही दर पावलाला एक इंच…

"किती गावं मी चाललो," ते हळूच म्हणाले आणि बांधावर बसले.

सोनाजीनं नानासाहेबाला मेंढरांच्या पलीकडची हद्द दाखवायला म्हाळसाबाईबरोबर पाठवलं आणि शेजारी येऊन बसला.

"आप्पा, वाडा उंद्या काढतो. साडेचोवीस फूट."

"ते तुला माहीत होतं?"

"फूट नव्हतं ठावं. पर महिन्यापास्नं तुमी माज्याम्होरं बारकी पावलं टाकता, ते दिसत नव्हतं व्हय? सत्तावन्न मेंढरातलं कोणचं लंगडतं आन कोणचं सोंग करतं ते म्या पाठीमागनं सांगतो."

आप्पासाहेबांचे कान तापले. "मग बोलला का नाहीस?"

"तुमी बोलाना, म्हणून म्या बी बोललो नाय. म्हणलं, मरतानी माणसाला कामून वशाळवाणं करा."

"मरताना? कोण मरतंय?"

"तुमी," सोनाजी म्हणाला. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं, लोण्यानं भरलेल्या गालांकडे. "डॉक्टरणीनं तीन महिने सांगितल्ते न्हवं? मागच्या बुधवारी सपले. आई रोज इचारती, आज कसे हायत म्हणून. तिला काय सांगावं कळंना मला."

आप्पासाहेबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते इतके हसले की मेंढरं पांगली. "अरे, व्यायामाचे! तीन महिने व्यायामाचे!"

सोनाजी मात्र लगेच हसला नाही. त्यानं आधी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. "मंजी मरत नाय तुमी?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि मग हसला.

आप्पासाहेबांच्या डोक्यातून ती गावं जात नव्हती. शेवटी त्यांनी ते सोनाजीला सांगून टाकलं, दर पावलाला एक इंच, चौतीस वर्षं. सोनाजीनं विचार केला.

"दोघाच्या मधी चालताना तुमी एकाकडनं लांब आन दुसऱ्याकडनं आखूड टाकत व्हता का?"

"छे! सगळीकडं सारखंच."

"मग झालं की. समद्याला सारकंच चुकलं. भांडणं मिटली न्हवं?"

नानासाहेबानं दोन्ही हद्दींवर चुना टाकला. तेरा फूट सोनाजीचे, बाकीचे आप्पासाहेबांचे. वाडा दिवाळीपर्यंत आहे तिथंच राहू दे, कोकरं लहान आहेत, असं आप्पासाहेबांनी सांगितलं. सोनाजीनं पेटीतला कागद आणून परत दिला. ते उठून स्कूटरकडे चालू लागले तेव्हा सोनाजीनं मागून पाहिलं. पावलं लांब पडत होती, ढेकळं ओलांडून.

घरी आशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. यंत्र, तेरा फूट, बुधवार, सगळं. शेवटी चहाचा कप पुढं ठेवत त्या म्हणाल्या, "म्हणजे पस्तिसाव्या वर्षीसुद्धा तुमचं पाऊल चुकतच होतं म्हणायचं."

आप्पासाहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"चुकत नव्हतं," ते म्हणाले. "लांब पडत होतं."